डोंगरातला फॉल्ट

लाइनमन लोकांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी हरिचंद राठोडची तारीफ करायला लागलो तर ती जुन्या दोस्तीखातर केली असं कुणाला वाटणार नाही. कळमनुरीच्या टेलिफोन ऑफिसात मी बावीस वर्षं टेस्ट रूममध्ये काढली. ज्याचा फोन बंद पडला त्याच्या शिव्या सगळ्यात आधी जिथे पोचतात, ती टेस्ट रूम. मी मीटर लावून फॉल्ट कुठे असेल ते काढायचो, लाइनमनला पाठवायचो, आणि लाइनमन दोन तासांनी तोंडाला चहाचा वास घेऊन परत यायचा आणि म्हणायचा, "लाइन ओके, साहेब." ओके काही नसायचं. तो खांबापर्यंतसुद्धा गेलेला नसायचा.

हरिचंद मात्र जायचा. गेला की परत येऊन माझ्याशी भांडायचा, ही दुसरी तकलीफ. "बालाजीभाऊ, मीटर तुमचा बराबर हाय, डोकं चुकलं तुमचं. फॉल्ट पंधराव्या खांबावर न्हवता, सतराव्यावर होता." मी पुन्हा मोजायचो आणि तो सतराव्यावरच निघायचा. पहिली पाच वर्षं मला तो माणूस डोळ्यासमोर नको असायचा. मग हळूहळू लक्षात आलं, आख्ख्या ऑफिसात ज्याच्या बोलण्यावर डोळे मिटून सही करावी असा हा एकच आहे. तेव्हापासून मी भांडण चालूच ठेवलं, पण जरा मायेनं.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. तोवर गावोगावचे तारेचे फोन बंदच पडले होते. मी कळमनुरीत घरी बसून पेपर वाचायला लागलो आणि हरिचंद आपल्या तांड्यावर गेला. धोंडदरी तांडा. कळमनुरीपासून आत, डोंगराच्या पोटाशी साठेक घरं. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता सोयाबीन आणि हळद लावतात, आणि डोंगरात शेळ्या चारतात, सीताफळं आणतात, डिंक काढतात. डोंगराच्या माथ्यावर सेवालाल महाराजांचं ठाणं आहे, पांढरा झेंडा खालून दिसतो. तांडा ते ठाणं चार किलोमीटर. सह्याद्रीकडचे लोक आमच्या डोंगराला टेकाड म्हणून हसतील. खुशाल हसू देत. पाय मोडायला चार फूट उंची पुरते.

आणि पाय मोडला होता थावराचा. थावरा हरिचंदच्या शेजारचा, शेळ्यावाला. एका नाल्यात घसरला आणि दीड दिवस पडून राहिला. शेळ्या आपल्या आपण घरी आल्या. बायकोला वाटलं, गेला असेल बहिणीकडे, हा माणूस न सांगता जातोच. खिशात मोबाईल होता. मोबाईलमध्ये चार्जिंग होतं, गाणी होती, बॅटरी लावायची सोय होती. रेंज नव्हती. धोंडदरीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, तीही एक काडी. डोंगरात ती एक काडीही नाही. डिंक काढणाऱ्या दोघांना थावरा सापडला तेव्हा, बायकोनं ठेवलेली सगळी गाणी त्याला पाठ झाली होती. ही गोष्ट तो स्वतःच हसत सांगतो, पण लंगडत सांगतो.

हरिचंदला ती फार लागली. "छत्तीस वर्षं मी लोकाच्या घरी फोन लावत फिरलो," तो मला म्हणाला, "आन् माझ्या शेजारचा माणूस हाका मारत पडला दीड दिवस."

वारंगा फाट्यावर एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे जुन्या तारेची भेंडोळी पडून होती, प्लास्टिकच्या आवरणातली जोडतार. ती हरिचंदनं आणली. कुठून तरी हँडल फिरवायचे दोन जुने फोन मिळवले. हे फोन कुठल्याही ऑफिसला, टॉवरला विचारत नाहीत. दोन टोकांना दोन फोन, मध्ये तार. एकानं हँडल फिरवलं की दुसऱ्याची घंटी वाजते, बस्स. चार महिने तो आणि लंगडा थावरा झाडाझाडाला तार बांधत डोंगर चढले. दर शंभर मीटरवर हरिचंदनं झाडाला नाहीतर खांबाला पांढऱ्या रंगानं आकडा टाकला. तांड्याजवळ एक, वर ठाण्याजवळ चाळीस. वरचा फोन ठाण्याच्या ओट्याला लाकडी पेटीत, खालचा हरिचंदच्या पडवीत, खाटेच्या डोक्याशी.

मी पाहायला गेलो आणि पोट धरून हसलो. लोक आकाशातून बोलून राहिलेत, आणि हा झाडाला तार बांधतोय.

"आकाशातलं यंत्र असतंय, सॅटेलाइटवालं, ठाऊक हाय मला," हरिचंद म्हणाला. "ते बाळगायला सरकारची परवानगी लागती. शेळ्यावाल्याला कोण देणार?"

मी चहा मागितला.

तारेपेक्षा त्यानं लावलेला नियम मोठा होता. तो लाइनमनचाच नियम. खांबावर चढलेला लाइनमन काम झालं की ऑफिसला घंटी देतो, बोलायचं काही नसलं तरी 'लाइन ओके' एवढं म्हणतो. तसं इथे, जो कुणी एकटा डोंगरात जाईल त्यानं जाताना हरिचंदच्या पडवीत सांगायचं, ठाण्यावर कधी पोचणार. पोचला की घंटी द्यायची. काही बोलायचं नसलं तर म्हणायचं, "काही न्हाई, वाजवून पाहिलं." आणि सांगितलेल्या वेळेला घंटी नाही आली, तर अर्ध्या तासात हरिचंद उठणार. हरिचंदचं म्हणणं असं की संकटात वाजणारा फोन सगळेच करतात. न वाजल्यावर जो कळवतो, तो खरा फोन.

खालची घंटी उचलायचं काम धुरपताबाईंकडे, म्हणजे हरिचंदच्या बायकोकडे. त्यांचं एक होतं. घंटी वाजली की आधी पदर डोक्यावर घेणार, मग फोन उचलणार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "वरून येती ना घंटी. महाराजाच्या ठाण्यावरून." पलीकडे थावरा बिडी ओढत उभा असला तरी धुरपताबाई पदर घेऊनच त्याला विचारणार, "भाकर खाल्ली का?"

पहिल्या पावसाळ्यानंतर शेळ्यांनी लाइन खाल्ली. खरंच खाल्ली. तारेवरचं प्लास्टिक त्यांना आवडलं, आणि उघड्या पडलेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. फोन मेला. त्या दिवशी मी तांड्यावर होतो. रिटायर झाल्यावर दर रविवारी मी हरिचंदशी भांडायला जातो, घरी भांडायला परवानगी नाही. हरिचंदनं आपला फोन तारेवरून सोडवला, सुईचा जुना मीटर लावला आणि खाटेवर बसूनच थावराला म्हणाला, "पंधरा नंबरला जा. तुझ्याच शेळ्या हायत." थावरा गेला. पंधरा नंबरच्या पळसाखाली त्याचीच काळी शेळी उभी होती.

तांड्याला ती जादू वाटली. जादू काही नाही, आमचा रोजचा धंदा. तार धड असली की करंट वरच्या फोनच्या घंटीतून फिरून येतो आणि सुई सव्वीसशे ओहमवर थांबते. तार तुटली तर सुई जागची हलतच नाही. आणि दोन तारा मध्येच एकमेकींना टेकल्या, म्हणजे शॉर्ट झाला, तर जितक्या लांब शॉर्ट तितका आकडा. या तारेला किलोमीटरला चारशे. सुई सहाशेवर आली, म्हणजे दीड किलोमीटर, म्हणजे पंधरा नंबर. पोरंसोरंसुद्धा समजतील इतकं सोपं आहे.

समजलं ते मात्र एकटीला, प्रियंकाला. ती तेव्हा पडवीत बूट घालत बसली होती. बुटाची नाडी तशीच हातात धरून तिनं विचारलं, "काका, म्हणजे शॉर्ट कुठं झालाय ते तुमाला इथं बसून कळतं?"

"कळतं की," हरिचंद म्हणाला आणि तिला मीटर हातात घेऊन दाखवला. दोन तारा स्वतः चिकटवल्या, सोडल्या, पुन्हा चिकटवल्या. सुई नाचली. प्रियंका बराच वेळ ते बघत राहिली.

प्रियंका पुसेगावची. व्यंकटरावांची थोरली लेक, वय चोवीस. व्यंकटराव हळद लावणारे, बोलणं मोजकं, मिशी भरघोस. मुलीनं हिमालयात जाऊन डोंगर चढायचं शिक्षण घेतलं होतं आणि पुढच्या मोठ्या चढाईसाठी तिला सराव हवा होता. सराव म्हणजे पाठीवर वीस किलो दगड भरलेली सॅक आणि एकटीनं डोंगर. सोबत कुणी नको. का, तर सोबत माणूस असला की आपण त्याच्या हिशोबानं चालतो म्हणे. पुसेगावात तिच्या दगडांवर भरपूर चेष्टा झाली. दगड घेऊन डोंगरावर जाते आणि तेच दगड परत आणते, असं म्हणून माणसं हसायची. मीही हसलो होतो, नाही म्हणत नाही.

व्यंकटरावांच्या घरी पहिला फोन हरिचंदनंच लावला होता, तेवढ्या ओळखीवर ते एक दिवस तांड्यावर आले. खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "हरिचंद, पोरगी ऐकत न्हाई. आमी अडवलं तर ती न सांगता जाईल. तुमच्या तारेच्या भरोशावर सोडू का? व्हय म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा."

दुसरा कुणी असता तर छातीवर हात ठेवून लगेच व्हय म्हणाला असता. हरिचंदनं आठ दिवस मागितले. आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस आकडे पायी फिरला, प्रत्येक जोड उघडून पुन्हा बांधला. नवव्या दिवशी टाकीवर चढला, पुसेगावला फोन केला आणि एकच शब्द बोलला, "सोडा."

त्या दिवसापासून त्या मुलीचा जीव हरिचंदनं आपल्या नावावर लिहून घेतला होता. हे त्याला कळत होतं. दर रविवारी अकराची घंटी येईपर्यंत तो चहासुद्धा प्यायचा नाही.

नियम तिलाही तोच. नऊला तांडा सोडायचा, वाट कुठलीही धरायची, पण अकराला ठाण्यावरून घंटी. सव्वा वर्ष ती घंटी येत होती. कधी पाच मिनिटं आधी, कधी दहा मिनिटं नंतर. "याडी, काही न्हाई, वाजवून पाहिलं." याडी म्हणजे आई. धुरपताबाईंना ती तांड्याच्या बोलीत याडी म्हणायची, आणि धुरपताबाई एवढ्या खूश व्हायच्या की भाकरीचं विचारायचंसुद्धा विसरायच्या.

मागच्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी अकराला घंटी आली नाही.

सव्वाअकराला मी म्हणालो, येईल. साडेअकराला हरिचंदनं हँडल फिरवून ठाण्यावर घंटी दिली. कुणी उचललं नाही. त्यानं फोन सोडवला आणि मीटर लावला.

सुई साडेअकराशेच्या जरा वर थांबली.

"शॉर्ट," मी म्हणालो. "दोन किलोमीटर नऊशे. थावराच्या शेळ्या."

"शेळ्या आज माझ्या दारात बांधल्या हायत," दारातून थावरा म्हणाला.

एवढ्यात सुई उठली आणि सव्वीसशेवर गेली. म्हणजे तार धड झाली. मग परत साडेअकराशे. परत सव्वीसशे. तीनदा गेली, तीनदा आली. मग जरा थांबली. मग पुन्हा तीनदा.

शेळीला तीनपर्यंत मोजता येत नाही.

बावीस वर्षं मी सुईकडे बघत बसलो होतो. सुई हलली की माझ्या तोंडून शिवी निघायची, कारण हलणारी सुई म्हणजे सैल जोड आणि सैल जोडाइतका वाईट फॉल्ट नाही. त्या दिवशी सुई हलताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहून टाकतो. ती मुलगी कुठेतरी पडली होती, ठाण्यापर्यंत पोचणं तिला जमत नव्हतं, आणि तिनं तोंड उघडायला दुसरी जागा नाही म्हणून हाताला लागलेली तार सोलून फॉल्ट केला होता. जाणूनबुजून, माझ्या आणि हरिचंदच्या धंद्याच्या भाषेत. अकराला घंटी नाही आली की काका सुई लावतील, एवढ्या एका भरवशावर.

"एकोणतीस नंबर," हरिचंद म्हणाला. त्याचा आवाज अगदी रोजचा होता. "तिथं तार नाल्यावरून जाती. वाट सोडून नाल्यानं चढली असंल."

थावरा पाणी आणि दोरी घ्यायला पळाला. सुईशिवाय हुडकावं लागलं असतं तर, या डोंगराला तीन सोंडा, सात नाले. संध्याकाळ झाली असती.

निघायच्या आधी हरिचंद पुन्हा खाली बसला. मीटर काढला, फोन जोडला. "पोरगी तार धरून बसली असंल," तो म्हणाला. "तिला कळाया पाहिजे की आमाला कळलं." हँडलवर हात ठेवून तो क्षणभर थांबला. हँडल फिरवलं की तारेत करंट जातो आणि उघडी तार हातात असली तर तो लागतो. हा झटका प्रत्येक लाइनमननं खाल्लेला असतो. "मरत न्हाई माणूस," हरिचंद म्हणाला, "शिवी देतो फकस्त." आणि त्यानं हँडलला अर्धाच फेरा दिला, हलक्या हातानं.

मीटर परत लावला. सुई साडेअकराशेवर होती. मग उठली, बसली, उठली, बसली. इतक्या भराभर, की मला मोजता येईना. तीन नाही, पाच नाही, नुसती नाचत होती.

"शिवी देऊन राहिली," दोरी घेऊन परत आलेला थावरा म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. काळीज तोंडात आलेलं असताना माणूस किती मोठ्यानं हसतो.

हरिचंद सहासष्ट वर्षांचा आहे. त्यानं जुनी चामड्याची पिशवी खांद्याला लावली, त्यात खांबावर चढताना न्यायचा हातातला फोन टाकला, त्यालाही छोटं हँडल आहे. तांड्यातले चार जण एक हलकी खाट उचलून मागे झाले. थावराला थांब म्हटलं तर तो ऐकेना, लंगडत पुढे निघालासुद्धा. हरिचंदनं मला बजावलं, "सुई सव्वीसशेवर जाऊन तिथंच थांबली, की समजा मी पोचलो. मग मीटर काढून फोन जोडा. घाई करू नका, बराबर जोडा." छत्तीस वर्षं नोकरी केलेला लाइनमन टेस्ट रूमच्या माणसाला फोन जोडायचं शिकवतो. दुसरी वेळ असती तर मी ऐकून घेतलं नसतं.

धुरपताबाईंना सुईसमोर बसवून मी टाकीवर चढलो. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तांड्याच्या रस्त्यापर्यंत यायला सांगितलं. मग व्यंकटरावांना. ते हळदीच्या कामानं कळमनुरीतच होते. मी म्हणालो, "पाय घसरलाय. कुठं आहे ते कळलंय. हरिचंद निघालाय." ते फक्त "येतो" म्हणाले.

खाली आलो तर धुरपताबाई मीटरजवळ वाकून बसल्या होत्या आणि सुईशी बोलत होत्या. "आली. गेली. आली. बस्स गं बाई, दमशील. गेली."

पाऊण तासात व्यंकटरावांची मोटारसायकल दारात आली. ते पडवीत आले आणि यावेळीही बसले नाहीत. मी त्यांना सुई दाखवली, ही तुमची मुलगी, म्हणालो. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसला आणि त्या काचेकडे बघू लागला. सुई तीनदा हलली. थांबली. तीनदा हलली. थांबली.

मग हललीच नाही.

साडेअकराशेच्या जरा वर, तिथेच राहिली. एक मिनिट, पाच मिनिटं. तारा एकमेकींना टेकलेल्या होत्या आणि त्यांना सोडवणारा हात थांबला होता. व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून थांबली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हात दुखले असतील. मला ठाऊक नव्हतं.  वीस मिनिटं आम्ही तिघं एका सुईसमोर बसून होतो. मी मनातल्या मनात हरिचंदला म्हणत होतो, बाबा, आयुष्यभर तुझ्याशी भांडलो, आज तू म्हणशील तिथे सही करतो, फक्त सुई उचल.

सव्वाला सुई उठली. सव्वीसशेवर गेली. मी पाहत होतो, आता पडेल, आता पडेल. पडली नाही. तिथेच थांबली.

मीटर काढताना एक स्क्रू खाली पडला. व्यंकटरावांनी तो शोधून माझ्या हातात दिला. मी फोन जोडला. घाई केली नाही, बराबर जोडला.

घंटी वाजली.

पडवीत ती घंटी मी शेकडो वेळा ऐकली आहे. त्या दिवशीच्यासारखी नाही. शेजारच्या घरांतल्या बायका दारात आल्या. धुरपताबाईंनी पदर डोक्यावर घेतला. मी म्हणणार होतो, ही घंटी ठाण्यावरून नाही, एकोणतीस नंबरच्या झाडावरून आहे. पण राहू दिलं. त्यांनी फोन उचलला, कानाला लावला, ऐकलं. मग तो व्यंकटरावांच्या पुढे धरला. "घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचीच हाय."

जुना फोन आहे, पलीकडचा आवाज बाहेरसुद्धा ऐकू येतो. आधी धापा ऐकू आल्या. मग प्रियंका म्हणाली, "बाबा, डाव्या पायाचं हाड मोडलंय. बाकी मी धड आहे. मधी जरा चक्कर आली होती." मग थोडं थांबून, "मला शॉक कुणी दिला?"

"हरिचंदनं," व्यंकटराव म्हणाले. त्यांच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"त्यांना सांगा, तो लागला तेव्हा मी रडले. त्याच्या आधी रडले नव्हते."

मागून हरिचंदचा आवाज आला, अगदी ऑफिसातला, जणू रस्त्याकडेच्या खांबावरून बोलतोय. "पोरी, ते सगळं नंतर सांग. आधी लाइनमनच्या नियमाचं सांग. घंटी दिली की काय म्हणायचं असतं?"

एकोणतीस नंबरच्या झाडाखाली, पाय मोडलेला, तळहात सोललेले, पाठीवर अजून वीस किलो दगड. सॅक काढायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं म्हणे. ती मुलगी हसली. तारेत खरखर झाली, मग स्वच्छ आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली, "लाइन ओके."

बावीस वर्षं मी हे दोन शब्द रोज ऐकले आणि रोज खोटे समजलो. त्या दिवशी मी मीटर पुन्हा लावून पाहिला नाही.